दोन कोसांचा फेरा

सिदू धनगराच्या झोपडीपासून नदीचा डोह अर्ध्या कोसावर. मेंढरं पाण्यावर नेताना तो गुणगुणत जाई आणि गुणगुणतच परत येई. माघात मोहनराव पाटलांनी वाटेवर बाभळीचे काटे लावले. वाट त्यांच्या रानातून जात होती ना! तेव्हापासून टेकडीला वळसा पडला; जायला दोन कोस, यायला दोन कोस. कचेरीचा कारभार उर्दूत, म्हणून सिदूनं तिथं उर्दूत अर्ज लिहवून दिला; त्याचं काही झालं नाही.

पाय दुखत, ते तो सोशी. पण त्या फेऱ्यात त्याचं डोकं पेटत जाई. वाटभर तो मनातल्या मनात पाटलाशी भांडे, आणि घर आलं तरी भांडण संपलेलं नसे. मग उरलेलं सत्यभामेच्या वाट्याला. काल भाकर गार म्हणून त्यानं थाळीच भिरकावली.

भाकरीचे तुकडे वेचत सत्यभामा म्हणाली, "वाट पाटलानं अडवली, आन थाळी माझी फेकता व्हय? पुन्हा असं झालं तर लेकीला घेऊन माहेरी जाईन. मग चाला किती चालायचं ते."

लेक आईच्या पदराआड लपली होती. बापाला भिऊन. सिदूला ते जास्त लागलं.

आज पाटलांचं बोलावणं आलं. पेरणीआधी खतासाठी रानात मेंढरं बसवायची होती.

"आठ रात्री बसव बे सिदू. बदल्यात दाणे देतो, नेहमीपरमानं."

"कशी बसवू मालक? मेंढरं रोज चार कोस चालत्यात. लेंड्या सगळ्या टेकडीवर पडत्यात. तुमच्या रानाला काय उरंल?"

"लई शहाणा झालास."

"शहाणा न्हाई, रागीट झालोय. काल घरात थाळी फेकली. ती खरं तर तुमच्या दारात पडायला पायजे होती."

पाटलांनी काठी उचलली. सिदू जागचा हलला नाही.

"दाणे नकोत. काटे काढा. न्हाईतर अर्जुनरावाच्या रानात बसवतो. त्यांचं रान डोहाला लागून हाय."

"धनगर मला अट घालणार?"

सिदू वळला. पाठीमागून शिव्या येत राहिल्या. त्यानं एकही खाली पडू दिली नाही, सगळ्या जशाच्या तशा परत केल्या.

दिवस कलायच्या आत बिऱ्हाड घोड्यावर चढलं आणि अर्जुनरावाच्या रानाकडे निघालं.

"आन आठ दिसांनी?" सत्यभामेनं विचारलं.

"तवा पाटलाचं रान उपाशी दिसंल. मग बोलू."

लेक अजून आईच्या पलीकडूनच चालत होती. सिदूनं तिला हाक मारली नाही. फक्त पावलं हळू टाकली, तिला गाठता येईल इतकी.