चौथ्या सिलिंडरचा जोर

पंखा हाताला अडला आणि माळावर एकच गलका झाला. "आला! जीव आला!" बायांनी हात जोडले. कुणीतरी नारळ आपटला, तो फुटेना म्हणून पुन्हा आपटला. अहमदपूरबाहेर, किशनरावांच्या कापसाच्या जिनिंगमागच्या धावपट्टीवर, दोन माणसांचं छोटं विमान उभं होतं. सकाळपर्यंत त्याचा पंखा हातानं फिरवला की चौथ्या सिलिंडरच्या पाळीला भसकन ढिला पडायचा. आता तिथंही तो जोर करत होता. मध्ये घडलं होतं एवढंच, की यंत्रस्वामींनी त्या सिलिंडरात पळीभर मंतरलेलं तेल सोडलं होतं.

यंत्रस्वामी म्हणजे सीमेपलीकडचे महादेवप्पा. बंद पडलेले बोअर, हट्टी ट्रॅक्टर आणि लग्नातले जनरेटर आपण मंत्रानं उठवतो, असं त्यांचं त्यांनीच सांगितलं होतं. "यंत्राला बी आत्मा असतो, माय! नजर लागली की तो खाली बसतो. आम्ही त्याला उठवून राहिलो." हा आत्मा नेमका चौथ्याच सिलिंडरात का बसला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

किशनरावांना तरी कुठून सुचणार? बुडत्याला काडीचा आधार. त्यांची लेक सृष्टी वैमानिक व्हायच्या उंबऱ्यावर होती. उड्डाणाचे थोडेच तास उरले होते, पण ते महिनाअखेर भरले नाहीत तर तिनं पास केलेल्या पेपरांची मुदत संपणार होती. बाहेर कुठं विमान मिळेना. घरी तिच्यासाठी घेऊन ठेवलेलं होतं, तर त्याच्या इंजिनानं दगा दिला. नवा सिलिंडर यायला काही महिने लागणार होते. म्हणून शेजारच्या साहेबरावांनी स्वामींना आणलं तेव्हा त्यांनी काही न विचारता पायांवर डोकं ठेवलं.

"काका, एवढ्यावर उडवायचं न्हाई," कहकशां म्हणाली. देगलूरच्या जिलानी मिस्त्रींची ही लेक हैदराबादला शिकून विमानाची इंजिनिअर झाली होती. तिच्या सहीशिवाय विमान हलणार नव्हतं. "आधी इंजिन तापवू. मग तपासू."

"आता काय तपासतीस? डोळ्यांदेखत नीट झालं की!" किशनरावांचा आवाज चिरकला. "सही कर, बेटा. तुझ्या पाया पडतो."

"सही केली तर वर सृष्टी असंल, काका. स्वामी न्हाई."

सृष्टीनं इंजिन चालू केलं. नळीतून निळ्या धुराचा लोट निघाला.

"पीडा चालली बघा!" स्वामी गरजले.

"तेल जळायलंय," कहकशां म्हणाली.

इंजिन चांगलं तापल्यावर तिनं ते बंद करायला लावलं, चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि लोकांना लांब सारून पंखा फिरवला. एक, दोन, तीन पाळ्या जोरात गेल्या. चौथ्या पाळीला भसकन ढिला.

"शंका घेतली! शंकेनं आत्मा रुसला!" स्वामींनी डोळे मिटले. लोक कहकशांकडं खाऊ की गिळू असं बघू लागले. किशनरावांनाही क्षणभर तिचा रागच आला.

कहकशां पुन्हा इंजिनाकडं वळली. एकेका सिलिंडरचा प्लग काढून तिनं त्या जागी कंप्रेसरची नळी लावली. नळीला दोन काटे होते. "ह्यो काटा आपण किती हवा दिली ते सांगतो. ह्यो दुसरा, आत किती टिकली ते." हवेच्या दाबानं फिरू नये म्हणून सृष्टीनं पंखा घट्ट धरला. तीन सिलिंडरांत दोन्ही काटे जवळजवळ राहिले. चौथ्यात दुसरा काटा निम्म्याच्याही खाली घसरला.

"हवा पळाली कुठं? काका, तुमीच कान लावा."

किशनरावांनी धुराच्या नळीला कान लावला. शांत. हवा आत घेणाऱ्या तोंडाला लावला. तिथंही शांत. मग कहकशांनं तेल भरायचं झाकण काढलं, आणि आतून सूं सूं असा आवाज आला.

"व्हॉल्व्ह चांगले हायत. पिस्टनची रिंग आन् सिलिंडरची भिंत खराब झालीय. हवा तिथून खाली जाती."

"मग मघाशी जोर कसा आला?" साहेबराव तावातावानं पुढं आले.

कहकशांनं जिनिंगमधला साध्या तेलाचा डबा किशनरावांच्या हातात दिला. "टाका पळीभर. मंत्र म्हणू नका."

त्यांनी तेल टाकलं. तिनं प्लग बसवला. त्यांनी पंखा फिरवला आणि चौथ्या पाळीला तो हाताला कचकन अडला. तोच चमत्कार, त्यांच्याच हातून. "तेलानं फट बुजती," कहकशां म्हणाली. "जळलं की परत उघडी. ते वर आभाळात जळलं असतं."

किशनरावांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. तेवढ्यात स्वामींना उदगीरच्या भक्तांची आठवण झाली आणि त्यांची जीप धुरळा उडवत गेली.

"पण इंजिन चाललंच किती?" किशनराव काकुळतीला आले. "नव्यासारखंच हाय की!"

कहकशांनं प्लग पुन्हा काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला. मोबाइलवर सिलिंडरची भिंत दिसली, माळ्यावर टाकलेल्या तव्यासारखी तांबूस आणि टोचे पडलेली. "चाललं न्हाई म्हणूनच, काका. खंडेनवमीला काय करायचे तुमी?"

"पूजा. हार. आन् दोनच मिनिटं चालू करायचो, जागं राहावं म्हणून. एक साल चुकवलं न्हाई."

कहकशांनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "दोन मिनिटांत इंजिन पुरतं तापत न्हाई. जळताना झालेलं पाणी आतच राहतं. मग वरीसभर गंज धरतो."

किशनराव हळदकुंकू लावलेल्या चाकाशेजारी मटकन खाली बसले. ज्या प्रेमानं त्यांनी इंजिन जपलं, त्याच प्रेमानं ते खाल्लं होतं. सृष्टी त्यांच्याजवळ टेकली.

"मुदत गेली गं, माय."

"पेपर परत देता येतात, आप्पा. जीव परत मिळत न्हाई."

किशनरावांनी तिचा हात धरला आणि सगळ्यांदेखत ते ढसाढसा रडले.

बाबांनो, यंत्राला हळदकुंकू लावायला कुणाची ना नाही. पण त्याचं दुखणं मंत्राला विचारू नका, त्याला स्वतःला विचारा. किशनरावांनी एकदा कान लावला, म्हणून त्यांची लेक आज पुन्हा पेपरांचा अभ्यास करते आहे.