अंगठ्याचे तीन सेकंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. जुने म्हणा, मला राग नाही. बिघडलेले म्हणाल तर मात्र दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. डोक्यावर एक बटण, पोटात किल्लीची स्प्रिंग, अंगावर तीन पोचे. एकदा दाबले की काटा निघतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की घरी परततो. मित्रांनो, मला विद्या एवढीच येते. पण येते ती चोख.

कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागीर बाईने मला जोडले, कानाशी धरले आणि म्हणाली, "चालतंय." ती माझी पहिली शाबासकी. मग धावण्याच्या एका क्लबने मला घेतले आणि तिथल्या प्रशिक्षक बाईंच्या गळ्यात मी जे पडले, ते तीस वर्षे.

बाई शिकल्या चौथीपर्यंत, पण वेळेच्या बाबतीत भल्याभल्यांना चूप बसवत. एकदा एका धावपटू मुलीचे वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, अर्धा सेकंद इकडे तिकडे केलात तर पोरीची निवड होईल."

"अर्धा सेकंद हवाय? मग पोरीला आणखी वर्षभर पळवा," बाई म्हणाल्या, "मला कशाला पळवताय?"

पुढे बाईंच्या उजव्या अंगाला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, अंगठा मात्र हट्टी झाला. सांगितलेले काम करी, पण जरा विचार करून. मी खणात गेले. तिथे संपलेले सेल होते, कुलपे हरवलेल्या किल्ल्या होत्या. मला कोणी किल्ली दिली नाही. मी थांबले. थांबणे हे माझे अर्धे कामच आहे, म्हणून तक्रार नाही. डॉक्टरांनी बाईंना दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय मांजर आहे?" म्हणून तोही त्यांनी माझ्या शेजारी आणून टाकला.

मग एका सुटीच्या दुपारी क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. वार्षिक शर्यती तीन आठवड्यांवर होत्या. बाईंना आता त्रास नको, त्यांचे जुने घड्याळ तेवढे द्या, काचेच्या कपाटात मानाने ठेवू, असे ते म्हणत होते. फोन बाईंच्या लेकीने घेतला होता. "हो, देईन," ती म्हणाली.

बाईंनी ते ऐकले. "मी आहे अजून. फोटोला हार घालायची घाई नको म्हणावं," एवढे बोलून त्यांनी खण उघडला आणि मला बाहेर काढून किल्ली दिली.

लेक छापखान्यात काम करी आणि सुटीला संगणकावर पाणबुडीचा खेळ खेळे; त्या दुपारीही तोच चालू होता. त्या खेळात नेम आयता मिळण्याची सोय असते. ती लेकीने बंद ठेवलेली. वाढलेल्या ताटावर बसणे या घराच्या रक्तातच नाही. पाणबुडी थांबवायची, पेरिस्कोपातली उभी रेघ एका जागी धरायची. समोरून जाणाऱ्या जहाजाचे नाक रेघेला लागले की घड्याळ सुरू, शेपूट सुटले की बंद. जहाजाची लांबी पुस्तकात दिलेली. तिला सेकंदांनी भागले की वेग. मग जहाज पुढे जिथे पोचणार, तिथे टॉर्पेडो सोडायचा.

"पाण्यात लपून दगड मारायचा, आणि वर गणित!" बाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "आण, वेळ मी घेते."

लेकीने बाईंच्या अंगठ्याकडे पाहिले. "घे," म्हणाली.

चार जहाजे एकामागून एक येत होती आणि टॉर्पेडोही चारच होते. पहिल्याला मी सोळा सेकंद दाखवले, दुसऱ्याला सतरा, तिसऱ्याला पुन्हा सोळा. तिन्ही टॉर्पेडो जहाजाच्या नाकापुढून निघून गेले.

"राहू दे आई," लेक मऊ आवाजात म्हणाली. "दमली असशील."

त्या मऊ आवाजासरशी बाईंनी कान टवकारले. "तिन्ही वेळा पुढूनच कसा जातो गं? म्हणजे जहाज आहे त्यापेक्षा जोरात पळतंय असं तू धरतेस. बघू तो कागद." कागदावर तेरा, चौदा, तेरा असे लिहिलेले होते. "मी सोळा म्हणाले. तेरा कुणी लिहिले?"

लेकीचे कान लाल झाले. छापखान्यात कागदाच्या कडा कापायची तिला सवय. तिने इथेही कड कापली होती. "तुझा अंगठा तीन सेकंद उशिरा दाबतो, आई. तेवढे वजा केले. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

"आणि सुरू करताना माझा अंगठा गाडीत बसून येतो होय? तिथेही तीनच सेकंद उशीर! उशिरा निघाला, तेवढाच उशिरा थांबला. मधल्या वेळेला काय झालं?"

लेकीने कागदावरचे तिन्ही आकडे खोडले. मला हे पहिल्यापासून ठाऊक होते. पण मला कोणी विचारत नाही, फक्त वाचतात.

चौथे जहाज आले. अंगठा आला, उशिरा. काटा निघाला. अंगठा पुन्हा आला, तेवढाच उशिरा. सोळा. लेकीने सोळाच लिहिले आणि शेवटचा टॉर्पेडो सोडला. बाईंनी मला पुन्हा सुरू केले. मी सत्तर सेकंद मोजले. मग पडद्यावर जहाजाच्या मध्यावर पाण्याचा खांब उठला.

लेक टाळ्या पिटू लागली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "फोन लाव," त्या म्हणाल्या. लेकीने लावला. "सेक्रेटरी, कपाट रिकामंच ठेवा. रेषेजवळ एक खुर्ची टाका. घड्याळ घेऊन मी येतेय. आणि पुढच्या वेळी माझं मला विचारा."

पलीकडून काहीतरी काळजीचे बोलणे झाले.

"हो, हात मंद आहे," बाई म्हणाल्या. "पण एकसारखा मंद आहे."

मित्रांनो, घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला रोज किल्ली द्या, ओल्या हाताने धरू नका, खणात तर मुळीच टाकू नका. आणि जुन्या माणसाच्या सांगण्यातून परस्पर काही वजा करू नका. तीन सेकंद थांबा. अंगठा येतो.