जावईबापूंनी घातलेली माती

जावयाला येत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, आणि धड येते अशीही एक नव्हती. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या सासरेबुवांचं त्याच्याविषयीचं हे मत लग्नाच्या बोलणीपासूनचं.

पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना लेकीकडे राहावं लागलं, आणि स्वतःच्या घरच्या बाल्कनीतली ऑर्किडं त्याच्यावर सोपवण्यावाचून इलाज उरला नाही. लाकडाच्या तुकड्यांवर बांधलेली, हवेत मुळं सोडून जगणारी ती झाडं त्यांनी पोटच्या पोरासारखी जपली होती.

"सकाळी नुसतं पाणी फवारायचं," त्यांनी बजावलं. "बाकी काही करायचं नाही."

"बाबा, तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

हे ऐकून त्यांची झोपच उडाली.

महिन्याभराने लेक-जावयासोबत घरी परतून त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि जागीच थिजले. एकूण एक झाड कुंडीत, गळ्यापर्यंत शेणखताच्या काळ्याभोर मातीत पुरलेलं. पानं पिवळी पडून लोळत होती.

"बिचाऱ्यांची मुळं उघड्यावर लोंबत होती हो!" जावई छाती फुगवून म्हणाला. "कुणी मातीच घातली नव्हती."

"माती मेल्यावर देतात, जावईबापू. तुम्ही आधीच उरकलंत."

जावयाला तो विनोद वाटला. तो खदखदून हसला.

लेक हसली नाही. ती कात्री घेऊन आली आणि बाप-लेक खाली बसले. झाड उपसायचं, लिबलिबीत झालेली मुळं कापायची, टणक असतील ती धुऊन झाड पुन्हा लाकडावर बांधायचं. वास सहन होत नव्हता. नाकाला रुमाल लावून जावई दारातून मार्गदर्शन करत होता, "जरा घट्ट बांधा!"

"तू आत जाऊन बस," लेक त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

बरीचशी झाडं गेली. वाचलेल्यांपैकी एकाने पुढच्या वर्षी जांभळा तुरा काढला. तो बघायला शेजारी आले, तर सोफ्यावर रेललेला जावई त्यांना सांगत होता, "ऑर्किडला माती अजिबात चालत नाही. लोकांना एवढं साधं कळत नाही! बाबांचीही कुजत होती, वेळीच बाहेर काढायला लावली मी."

लेकीचा चेहरा लालबुंद झाला. ती काही बोलणार, तोच सासरेबुवांनी तिला हातानेच थांबवलं.

"बोलू दे. बोलण्याने झाडं मरत नाहीत."

शेजारी गेल्यावर त्यांनी बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसरी किल्ली लेकीलाही दिली नाही. त्याने मागितली तर नाही म्हणायची पाळी तिच्यावर नको; तिला संसार त्याच्याबरोबरच करायचा होता.