न आवळलेले बोल्ट

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास, मोडनिंबच्या अलीकडे, सरळ सपाट रस्त्यावर एक मोटार उलटली. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. मोटारीत चन्नप्पा नावाचा तरुण एकटा होता. तो वाचला. त्याला पुन्हा चालता येईल की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मी त्या मोटारीचा जुना डिफरन्शियल आहे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आत माझं काम चालतं. इंजिनाची ताकद मी दोन्ही चाकांत वाटतो. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतो आणि आतल्याला कमी. हे काम मी परदेशात सुरू केलं. पुढे एका संस्थानिकाच्या गाडीबरोबर लिलावात आलो आणि १९७४ साली सोलापूरला हिंदुरावांच्या दारात उभा राहिलो.

हिंदुराव मूळचे मोडनिंबचे शेतकरी. सात रस्त्याजवळ त्यांचा ट्रकचा धंदा होता. त्यांना मद्रासकडच्या शर्यतीत उतरायचं होतं. त्यांनी गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून आठ सिलिंडरचं बसवलं. पहिल्याच जोरदार सुरुवातीला माझे दात तुटले.

मला भवानी पेठेतल्या रुद्रप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात आणलं.

"रुद्रप्पा, ह्याला असा कर की हत्तीनं वढला तरी मोडू नये," हिंदुराव म्हणाले.

"हत्ती आणताय व्हय मालक? मग आधी गॅरेजचं दार रुंद करावं लागंल की."

"थट्टा नगं. गाडी चन्नप्पा चालवणार हाय. तुझाच भाऊ हाय."

"म्हणून तर सावकाश करतोय. शर्यत पळून जात न्हाय."

रुद्रप्पाने खरोखरच सावकाश केलं. माझ्या पोटात दोन लहान दातेरी चाकं होती, त्यांच्या जागी चार बसवली. पाठीला जाड पत्रा जोडला. नवा क्राउन, म्हणजे माझं सर्वांत मोठं दातेरी चाक, आणि त्याला धरून ठेवणारे नवे पोलादी बोल्ट आणले. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्यासाठी इतका वेळ दिला. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि कौतुक करायचे.

त्या गॅरेजात एक रीत होती. बोल्ट पूर्ण आवळला की रुद्रप्पा त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका असलेल्या बोल्टला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या हातावर संशय घेणं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी क्राउनचे बोल्ट त्याने हाताने फिरवून बसवले. पाना घेणार तोच त्याची बायको अक्कम्मा दारात आली.

"हत्यारं द्या बघू. उद्या पूजा हाय, धुवायची कधी?"

"एवढे बोल्ट आवळतो."

"दर वर्षी तुमचं एवढं-एवढंच असतंय. द्या हिकडं."

त्याने पाने दिले. नवमीला हत्यार उचलायचं नसतं. सगळे पाने पाटावर मांडले, झेंडूची माळ घातली. या वर्षी मोठं काम म्हणून मलाही पाटाशेजारी ठेवलं. अक्कम्माने माझ्या पाठीवर विभूतीचे पट्टे ओढले. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून ती ते तेलात कालवते. कुंकवाचं बोट लावताना तिने एकही बोल्ट वगळला नाही.

दसऱ्याला सकाळी रुद्रप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला आणि हिंदुराव गाडी बघायला आले.

"मुहूर्त चांगला हाय. आज पळवून बघू या की," ते म्हणाले.

"अण्णा आला की जाऊ," चन्नप्पा म्हणाला.

"काम झालंय का न्हाय, ते बघ."

चन्नप्पाने माळ काढली. फडक्याने विभूती पुसली. बोल्टांवरचे लाल ठिपके पुसले गेले नाहीत. त्याने ते एकेक करून पाहिले.

"झालंय की," तो म्हणाला.

त्याने मला गाडीला जोडलं, तेल भरलं. अक्कम्माने आतून विचारलं, "अण्णाला काय सांगू?"

"जेवायला येतो म्हणून सांग, वैनी."

मोडनिंबच्या अलीकडे हिंदुराव घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उतरले. चन्नप्पाने वेग वाढवला. एक बोल्ट सुटला आणि दातांत अडकला. मागची दोन्ही चाकं एकदम थांबली. मोटार कलंडली आणि शेतात जाऊन पडली. मला दुःख झालं का, हे मला सांगता येत नाही. तेल सांडलं, एवढं आठवतं.

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यात उघडा पडून आहे. रुद्रप्पाने मला एकदाच उजेडात धरलं. उरलेल्या बोल्टांवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"हे कुंकू हाय," तो म्हणाला.

"मीच लावलं," अक्कम्मा म्हणाली. "दर वर्षी लावते की."

हिंदुरावांनी शर्यतीतून नाव काढून घेतलं. मित्रांनो, ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती खुणेवर सोपवू नका. जवळच्या माणसाची खूण असली तरी पाना लावून बघा. त्यात कुणाचा अपमान नसतो.

काल संध्याकाळी अक्कम्मा दवाखान्यातून डबा घेऊन परतली. रुद्रप्पा उठून उभा राहिला.

"डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली," ती म्हणाली. "डोळे मिटायला लावून विचारलं, कुठल्या पायाला टोचतोय?"

"मग?"

"चन्नप्पा म्हणाला, डाव्या."

"आणि टोचली कुठल्या?"

"मधी पडदा होता. मला दिसलं न्हाय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उद्या परत बघू म्हणाले."