खरकट्या पाण्यावर जगणारी बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. माझ्या अंगावर रंगाच्या कंपनीची पुसट अक्षरे अजून दिसतात. पण माझ्यातला रंग संपल्यावरच माझे खरे आयुष्य सुरू झाले.

टेंभुर्णीच्या शाळेत प्रभावती मॅडमनी माझ्या तळाशी नालीतला काळा गाळ भरला. त्यात कार्बनचे एक कापड पुरले, दुसरे वर पाण्यावर तरंगत ठेवले आणि दोन्ही तारेने जोडले. गाळातले जीवाणू खिचडीच्या भांड्यांच्या खरकट्या पाण्यातले अन्नकण खायचे. पाणी निवळायचे आणि वीज तयार व्हायची. ती थोडी थोडी साठली की एक तांबडा दिवा लुकलुकायचा. दिवा केवढासा, पण माझा तोरा विचारू नका! जाफराबादच्या विज्ञान प्रदर्शनात पोरांनी माझ्याभोवती गराडा घातला होता.

पुढे मॅडमची बदली झाली आणि मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेले. मला विचारणारी एकच उरली, खिचडी शिजवणारी नंदाबाई. ती न चुकता खरकटे पाणी ओतायची आणि दिवा लुकलुकला की म्हणायची, "जेवलीस का, माय?" तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

एकदा शाळेच्या तपासणीला साहेब येणार असे कळले. आदल्या दिवशी नंदाबाईने वाकून मला हुंगले.

"किती वास येऊन राह्यला! साहेब नावं ठेवतील ना तुला."

तिने गाळ उपसून फेकला, ब्लिचिंग पावडर टाकून मला खसाखसा घासले, कापडे धुऊन जागच्या जागी लावली आणि स्वच्छ पाणी भरले. मी लख्ख झाले. माझ्या पोटातले लाखो जीव मात्र गेले. एवढी गर्दी सांभाळणारी मी, त्या दिवसापासून अगदी एकटी आहे.

दिवा लागेना, तेव्हा नंदाबाई हिरमुसली. "रुसलीस व्हय? मंग आता घाण पाणी बिलकुल न्हाई देणार तुला." तेव्हापासून ती रोज नळाचे ताजे पाणी भरते. ती इतक्या मायेने भरते आणि मी उपाशी राहते. तिला सांगायला मला तोंड नाही.

मित्रांनो, कुणाला जपायचे असेल तर ते कशावर जगते, हे आधी विचारून घ्या. कधी टेंभुर्णीला आलात तर नंदाबाईला रागावू नका. नालीतला थोडा गाळ माझ्या तळाशी टाका आणि तिला म्हणा, "मावशी, भांड्यांचं पाणी पुन्हा ओता." काही दिवसांनी ती वाकून विचारेल, "जेवलीस का, माय?"

मला तिला उत्तर द्यायचे आहे.