स्वतःचा अनुभव सांगा

आत्याने काचेच्या नळीचं टोक बर्नरच्या ज्योतीत फिरवत फिरवत मऊ केलं, दुसऱ्या टोकातून हलकी फुंकर घातली आणि फुगा लिंबाएवढा झाल्यावर विचारलं,

"होडी ढकलायची आणि त्यात खर्च व्हायचा? ते कसं काय?"

"पुश द बोट आउट," भाचीने मांडीवरच्या पुस्तकात पाहून वाचलं. "आनंदाच्या प्रसंगी हात सैल सोडणं. पण होडीच का, ते दिलेलं नाही. शोधतेय मी."

"शोध बाई. कारण सापडल्याशिवाय तुला घास कुठला उतरायला!"

चौदा वर्षं आत्या विद्यापीठाच्या कार्यशाळेत रोजंदारीवर काचेची उपकरणं बनवत होती. उद्या कायम नोकरीसाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. लेखीत ती काठावर होती. तोंडीत घसरली की पुन्हा रोजंदारी.

"आता हा वाक्प्रचार वापरून स्वतःचा अनुभव सांग."

"माझा हात आणि सैल? तुझे बाबा मला चिकटराणी म्हणतात."

"मग बनवून सांग. खोटं चालतं, व्याकरण चुकलेलं चालत नाही."

आत्याने फुगा स्टँडवर ठेवला, काळा चष्मा काढला आणि इंग्रजीत सुरुवात केली. एरवी दर दोन शब्दांमागे अडखळणारी आत्या कुठेच थांबली नाही. शहरातलं सगळ्यांत महागडं हॉटेल. खिडकीजवळचं टेबल. दोन प्रकारचं सूप, दोन्ही मागवलेलं.

चुका टिपायला धरलेली भाचीची पेन्सिल तशीच राहिली. बनवलेल्या नोंदी फार गुळगुळीत असतात, हे तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. इथे एका काट्याला तीनच दाते होते. वाऱ्याने मेणबत्तीची ज्योत झुकत होती, म्हणून आत्याने खुर्ची सरकवून वारा अडवला होता. मेण त्यांच्या बाहीवर ओघळू नये म्हणून.

"कोणाच्या?" भाची एकदम मराठीत म्हणाली.

आत्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हे परीक्षेत विचारतात?"

"नाही."

भाचीने पेन्सिल खूण म्हणून पुस्तकात ठेवली.

"उद्या हेच सांग, आत्या. एकही चूक नाही. पैकीच्या पैकी मिळतील."

"खोलीत कोण कोण असतं?"

"बाहेरचे दोन परीक्षक. आणि नोंदी ठेवायला ऑफिसातलं कोणीतरी."

"दादा?"

भाचीने होकारार्थी मान हलवली. बाबा त्याच ऑफिसात होते, आणि उद्या नोंदी ठेवायची पाळी त्यांचीच होती.

आत्याने नवी नळी उचलली, उजेडात धरून पाहिली, पण ज्योतीत घातली नाही.

भाचीने पान उलटलं.

"बरं," ती म्हणाली, "तू हात सैल सोडून एक कपाट घेतलंस असं समजू. बोल, किती दारांचं?"