कुंपणाला बांधलेलं सैंधव

बाबा आल्या दिवसापासून माझं डोकं फिरलंय. सांगलीहून लेकीकडे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला आले ते काही मायेपोटी नाही, जावयाच्या खोडी काढायला! फिंटन मांसासाठी गाई पाळतो. म्हणजे बाबांच्या लेखी कसाईच. त्याच्या पंक्तीला जेवायलासुद्धा बसत नाहीत.

त्या कळपात एकच गाय माझी. मॉली. लग्नात फिंटनने दिलेली, हिला कधी कापायचं नाही या बोलीवर. बाबांना केवढ्या कौतुकाने सांगितलं मी. "वा, उपकारच की!" म्हणाले.

एप्रिलमध्ये इथलं गवत सरसरून वाढतं, पण त्यात मॅग्नेशियम कमी असतं. नुकत्याच व्यालेल्या गाईला ते मिळालं नाही तर ती एकाएकी कोसळते. म्हणून आम्ही कुरणात चाटणाची बादली ठेवतो, मळीत कालवलेलं मॅग्नेशियम आणि मीठ. मॅग्नेशियम कडू लागतं, गाई चाटतात त्या मिठाच्या ओढीने. म्हणूनच कुरणात दुसरं मीठ ठेवायचं नाही. हे मी बाबांना ओरडून बजावलं होतं.

"काळंकुट्ट केमिकल चाटवता मुक्या जनावराला," ते म्हणाले. "शुद्ध असं काही आहे का तुमच्या घरात?"

"बाबा, तुम्ही यात पडू नका."

पडलेच! गावातल्या घोड्यांच्या सामानाच्या दुकानातून सैंधवाचा गुलाबी खडा आणला आणि आम्हाला दिसू नये म्हणून पलीकडच्या कुंपणाला बांधला.

सोमवारी सकाळी मॉली आडवी पडलेली, पाय झाडत, तोंडाला फेस. फिंटन इंजेक्शन घेऊन धावला, पण सुई टोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वासरू तिच्या आचळांना ढुशा देत होतं. बादली पाहिली तर चाटण जसंच्या तसं. मग कुंपणावरचा खडा दिसला, चाटून चाटून मधोमध खोलगट झालेला.

फिंटन एरवी कशालाही 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणतो. आज त्याने खडा सोडून नुसता माझ्या हातात दिला आणि ट्रॅक्टर आणायला गेला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा आरामात चहा पीत होते. मी खडा टेबलावर आदळला.

"मेली मॉली! तुमच्या शुद्ध मिठाच्या नादात बादलीला तोंड लावलं नाही तिने."

बाबा ताडकन उठले. "मी मीठ घातलं, विष नाही! आणि मेली ते बरंच झालं, उर्मिले. नाहीतरी तुझ्या नवऱ्याने कापलीच असती."

"हिला नव्हता कापणार!" मी किंचाळले. "अख्ख्या कळपात ही एकच जगणार होती, बाबा. आणि नेमकी तीच तुम्ही मारलीत."

बाहेर वासरू हंबरत होतं. मी दुधाची बाटली भरून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"चोरून जाता येतं ना कुरणात? आता उघड जा. त्याला पाजा."

त्यांनी माझ्याकडे न बघता बाटली उचलली, दारातले फिंटनचे बूट पायात चढवले आणि वासराकडे गेले. मी खिडकीतून बघत राहिले. माफ मात्र केलं नाही.